सगळ्या गावाचा फोन वाजतो तेव्हा

पोलीस पाटील या नावात पोलीसही आहे आणि पाटीलही आहे. मी दोन्हींपैकी कुणीच नव्हते. घरी शिलाई मशीन, बाहेर कोरडवाहू रान, असा आमचा संसार. आमच्या गावची जागा महिलांसाठी निघाली, मी परीक्षा दिली, तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं त्याची न घाबरता उत्तरं दिली आणि एक दिवस नेमणुकीचा कागद हातात पडला. कागद घेऊन घरी आले तर सासूबाईंचा पहिला प्रश्न.

"काठी कोठी हाय?"

"काठी नाई देत, आई."

"मंग चोर आला तं काय त्याले कागद दाखवशीन?"

मी कागदाची घडी घालून तो देवापाशी ठेवला. यंदा वयाच्या नियमानं पद सुटलं, म्हणून आता निवांतपणे लिहायला बसले आहे.

रिठदहून केनवडकडे जाताना आत वळणाऱ्या रस्त्यांपैकी एका रस्त्यावर आमचं गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यातली माणसं मला रोज भेटतात आणि त्यांच्या घरी मला चहाही प्यायचा असतो. पोलीस पाटलाचं काम काय, हे शहरातल्या लोकांना सहसा ठाऊक नसतं. गावात काही घडलं की ठाण्याला कळवायचं आणि ठाण्यातून काही आलं की गावाला कळवायचं. म्हणजे मधली तार. ठाण्याला कळवणं सोपं, फोन लावला की झालं. गावाला कळवणं मात्र महाकठीण.

आधी देवळाचा भोंगा होता. पण सांगण्यासारखं काही घडलं की नेमकी लाईट गेलेली असायची. मग मोबाईलवर गावाचा ग्रुप झाला. त्यावर मी 'नाल्याला पाणी वाढले आहे, पलीकडे जाऊ नये' असं लिहायचे आणि खाली पंधरा जण गुलाबाचं फूल टाकून 'शुभ सकाळ' म्हणायचे. म्हाताऱ्या माणसांकडे बटनांचे फोन, त्यांच्यापर्यंत तर तेही जायचं नाही.

मग ती नवीन यंत्रणा आली. ती कशी चालते ते सांगते. एक ठरलेला नंबर असतो. आपला फोन त्या यंत्रणेत नोंदवलेला असला की त्यावरून तो नंबर लावायचा, काय घडलं ते अर्ध्या मिनिटात बोलायचं आणि ठेवून द्यायचा. तेच बोलणं, आपल्याच आवाजात, गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनांवर एकाच वेळी जातं. साधी घंटी वाजते, उचलला की ऐकू येतं. कुणी उचलला नाही तर पुन्हा वाजतो. बटनांचा असो की काचेचा, सगळे फोन त्याला सारखेच.

नोंदणीसाठी मी घरोघरी फिरले. "नंबर देतो, पन ओटीपी नाई देनार," असं प्रत्येक घरात ऐकलं. हळूहळू सगळे तयार झाले आणि एका सकाळी ठाण्यातल्या साहेबांसमोर मी पहिला चाचणीचा निरोप दिला. "मी पोलीस पाटील सुशीला बोलून राह्यली. ही फक्त चाचणी हाय. सगळे खुशाल राहा."

ग्रामपंचायतीत बसलेल्या सगळ्यांच्या खिशात एकदम घंट्या वाजल्या. मग बाहेर, मग गल्लीत, मग लांबच्या घरांतून. बैलं बिचकली, कुत्री भुंकायला लागली. साहेब खूश. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरचे पांडुरंगबुवा फोन कानाला लावून मोठ्यानं बोलताना ऐकू आले, "हो बाई, खुशाल हाय. गुडघा दुखते, बाकी बरं हाय. तुह्यं कसं काय?" बुवांनी शेवटपर्यंत हे सोडलं नाही. निरोप कसलाही असो, ते त्याला उत्तर द्यायचे आणि मग माझ्याकडे तक्रार करायचे की तू आपलंच बोलतेस आणि ठेवून देतेस.

नवं खेळणं हातात आल्यावर जे होतं ते झालं. कुणाची शेळी हरवली, तिचा निरोप गावभर गेला. कुणी बोकड कापला, त्याचाही गेला. आणि एका दुपारी सगळ्या गावाच्या फोनवर सिंधूबाईचा आवाज आला. तिचे मालक फोन उचलत नव्हते. मागे मी तिला सांगितलं होतं की या नंबरवरून केलेला फोन सगळ्यांना उचलावाच लागतो. तिनं ते तंतोतंत लक्षात ठेवलं होतं.

"आयकून राह्यले का? भाकरी कवाची थंडी झाली. आता येत असान तं या, नाई तं कुत्र्याले टाकतो!"

नाव कुणाचंच नव्हतं. पानठेल्यावर बसलेले सगळेच नवरे उठून आपापल्या घरी गेले, असं मला पानठेलेवाल्यानं शपथेवर सांगितलं.

मी सिंधूबाईच्या घरी गेले. रागावायचं ठरवून गेले होते, पण तिचं तोंड पाहून हसूच फुटलं. शेवटी दोघीही हसलो. मग मात्र तिला नीट समजावलं, की अशानं खरं संकट आलं तरी कुणी फोन उचलणार नाही. तिनं कानाला हात लावला. पुढे तीच माझी सगळ्यात पक्की माणूस झाली.

या कामात एक गोष्ट मी चुकांमधूनच शिकले. निरोप देणं हीसुद्धा एक कला आहे. एकदा सकाळी शेतात गेलेल्या बाळूभाऊंना बिबट्या दिसला. त्यांनी घाबरून निरोप दिला, "बिबट्या! अरे बिबट्या आला रे बाप्पा!" एवढंच. कुठे आला ते सांगितलंच नाही. झालं, गाव घरात बसायचं सोडून बिबट्या पाहायला बाहेर पडलं. चारही दिशांना लोक. बिबट्याच बिचारा घाबरून निघून गेला असणार. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले, आधी तुमचं नाव, मग जागा, मग काय झालं, आणि सगळ्यात शेवटी लोकांनी काय करायचं ते. ओरडायचं नाही. ओरडलं की माणूस आवाज ऐकतो, शब्द ऐकत नाही.

हे लोकांच्या अंगवळणी पडलं त्याचा प्रत्यय एका सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, हंगामात आला. सोयाबीन सोंगून रचलेल्या एका सुडीनं, म्हणजे गंजीनं, पेट घेतला. शेजारच्या शेतातल्या बाईनं निरोप दिला, अगदी शांतपणे, जागा सांगून, "फवारनीचे पंप भरून आना" असंही सांगून. फवारणीचे पंप पाठीवर घेतलेली माणसं बांधाबांधावरून धावत आली. ती सुडी गेली, पण शेजारच्या सगळ्या वाचल्या. त्या दिवसापासून गावानं या फोनला मान दिला.

हे सगळं सांगितलं ते पुढचं नीट कळावं म्हणून. मला खरं तर रफिकभाईंबद्दल लिहायचं आहे.

रफिकभाई वाशीमचे. केसांवर भांडी देणारे. शहरातल्या वाचकांना हा धंदा माहीत नसेल. बाया केस विंचरतात तेव्हा फणीला जो गुंता येतो, तो खेड्यात कुणी फेकत नाही. त्याची गुंडाळी करून दाराच्या मागे, भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात. काही महिन्यांनी केसवाला येतो, छोट्या काट्यावर केस तोलतो आणि बदल्यात वाटी, डबा, चहाची गाळणी असं काहीतरी देतो. पुढे त्या केसांची गंगावनं होतात म्हणे. रफिकभाई हा धंदा वडिलांपासून करत आलेले. आधी सायकल होती, मग जुनी मोटारसायकल. "केसावर भांडेऽऽ" अशी त्यांची हाक गल्लीच्या तोंडाशी आली की आतून बाया फटीतल्या गुंडाळ्या उपसायला लागायच्या. घासाघीस चालायची ती ऐकण्यासारखी.

"एवढ्या केसात एवढीशी वाटी? भाऊ, माह्यं टक्कल पडलं हे केस जमा करता करता!"

"भाभी, तुमचे केस पांढरे झाले. पांढऱ्याले भाव नाई. तरी पन वाटी देतो, कारन की तुमी चहा पाजता."

पुढे एका वर्षी सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. कुठला, कधीचा, काही पत्ता नाही. पाठीवर पोतं घेतलेला एक माणूस, लोक त्याला मारताहेत आणि मागून आवाज येतोय की पोरं पळवणारी टोळी आपल्या भागात उतरली आहे, बायांच्या वेण्या कापतात, बेहोश करतात. ठाण्यातून आम्हाला सूचना आली होती की ही अफवा आहे. मी ग्रुपवर तसं लिहिलंही होतं. त्याखाली गुलाबाचं फूल आलं आणि त्याच्याखाली पुन्हा तोच व्हिडिओ.

दुपारची वेळ. गावातल्या बाया सगळ्या सोंगणीला गेलेल्या. माझी कंबर धरली होती म्हणून मी घरीच होते. अंगणवाडीच्या दुर्गाबाईचा फोन आला. "ताई, यष्टीच्या शेडपाशी लवकर या. पोट्ट्यांनी कोनाले तरी धरलं. मले काही बरं दिसून नाई राह्यलं."

मी चपला घातल्या की नाही तेही आठवत नाही. शेडपाशी पोहोचले तर ही गर्दी. आमच्या गावची पोरं, शेजारच्या गावची पोरं, रस्त्यानं जाणारे, थांबलेले. मध्ये मोटारसायकल आडवी पडलेली, तिचा आरसा फुटलेला. आणि शेडच्या खांबाला टेकून रफिकभाई जमिनीवर बसलेले. ओठ फुटला होता. चष्मा हातात होता, एक काच गेलेली. समोर त्यांचं पोतं उलटं केलेलं आणि सगळीकडे केस. काळे, पांढरे, मेंदीचे लाल. वाऱ्यानं ते लोकांच्या पायांत गुंतत होते. ज्याला हा धंदा माहीत नाही त्यानं ते दृश्य पाहिलं असतं तर त्यालाही शहारा आला असता, हे मला कबूल केलं पाहिजे.

सगळ्यात पुढे आमचाच गणेश होता. गिरजाबाईचा मुलगा. पुण्याला कंपनीत होता, काम सुटलं म्हणून परत आलेला. बरीच वर्षं बाहेर राहिल्यानं त्यानं रफिकभाईंना ओळखलं नव्हतं.

"गनेश, सोड त्यांले. हे रफिकभाई हायेत. केसवाले."

"ताई, तुमी बाजूले व्हा. तुमाले काही मालूम नाई. पोतं पाहा ना, बायांचे केस हायेत. कापलेले!"

"कापलेले नाई रे, विंचरलेले हायेत. तुह्या घरचेबी असतीन त्याच्यात."

"मंग तोंडाले दुपट्टा कायले बांधला होता?"

रफिकभाई खालूनच बोलले, "भाऊ, धूळ किती हाय रस्त्याले. आधार कार्ड पाहून घ्या ना माह्यं."

"आधार कार्ड तं नकलीबी बनते," मागून कुणीतरी म्हणालं. "हा असाच होता त्या व्हिडिओत!"

मी ठाण्याला फोन लावला. गाडी दुसऱ्या गावच्या भांडणात अडकली होती. "निघतोच ताई, पण वेळ लागेल. तोपर्यंत सांभाळा," असं उत्तर आलं. सांभाळा! माझ्याकडे काठीसुद्धा नव्हती. त्या क्षणी मला सासूबाई आठवल्या, खरंच.

एका पोरानं मोबाईल वर धरून चित्रीकरण सुरू केलं होतं. त्यामुळे बाकीच्यांच्या अंगात आणखीच आलं. कुणीतरी रफिकभाईंच्या थोबाडीत मारली. मी मध्ये जाऊन उभी राहिले, तर मलाच ढकललं गेलं. ज्यानं ढकललं त्याला मी ओळखतही नव्हते. आणि शेडच्या मागे पंचायतीच्या बांधकामाच्या विटा रचलेल्या होत्या. एकजण तिकडे गेला आणि वीट घेऊन आला. ती त्यानं नुसती हातात धरली होती. मी आयुष्यात पुष्कळ भांडणं पाहिली, मयत पाहिले, पंचनाम्याला उभी राहिले. पण त्या विटेवरून माझी नजर हटेना.

मी शेडच्या मागे गेले आणि विचार केला. या माणसाला गावात ओळखतं कोण? बाया ओळखतात. बाया कुठे आहेत? रानात. फोन कुठे आहेत? त्यांच्या कमरेला, पदराच्या गाठीत. पण हा निरोप दिला तर गावातली उरलेली माणसंही इथेच धावून येतील, आणि ती कुणाच्या बाजूनं उभी राहतील हे कोण सांगणार? गर्दी दुप्पट झाली आणि उलटली तर रफिकभाईंना मीच मारल्यासारखं होईल. ही भीती खरी होती. तिच्यावर विचार करायला वेळ मात्र नव्हता. मी नंबर लावला. आवाज कापू नये म्हणून एक हात भिंतीला टेकवला.

"मी पोलीस पाटील सुशीला बोलतो. यष्टीच्या शेडपाशी आपले केसवाले रफिकभाई हायेत. काही पोट्ट्यांनी त्यांले चोर समजून धरलं, मारून राह्यले. ज्या ज्या घरात रफिकभाईच्या हातचं भांडं हाय, त्या घरच्या बाईनं हातातलं काम टाकून आत्ता शेडपाशी यावं. अन् जे तिथी हायेत, त्यांनी माहा आवाज आयकून हात खाली घ्या."

फोन ठेवला आणि परत गर्दीत शिरले. काही क्षण काहीच झालं नाही. मग एकदम घंट्या वाजायला लागल्या. पोरांच्या खिशात, शर्टात, पँटीत. जो चित्रीकरण करत होता त्याच्या हातातच फोन वाजला आणि चित्रीकरण बंद पडलं. सवयीनं एकेकानं फोन कानाला लावला. माझाच आवाज माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसांच्या कानात बोलत होता आणि मी त्यांची तोंडं बघत होते. मी समोर उभी राहून ओरडत होते तेव्हा ज्यांनी ऐकलं नाही, त्यांनी फोनवर मात्र ऐकलं. गणेशनं ऐकलं. ज्याच्या हातात वीट होती तो आमच्या गावचा नव्हता, त्याचा फोन वाजला नाही. आपला एकट्याचाच वाजत नाही हे लक्षात येऊन तो इकडेतिकडे बघायला लागला.

आणि मग नाल्याच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. आधी सिंधूबाई दिसली. डोक्याला फडकं, अंगात मालकाचा जुना शर्ट, हातात सोंगणीचा विळा, तो खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. तिच्यामागे बायाच बाया. बांधावरून, ओढ्यातून, एक अख्खी ट्रॉली भरून. कुणी घरावरून आली ती डबाच घेऊन आली, पुरावा म्हणून. एकीच्या हातात चहाची गाळणी होती. विळे घेतलेल्या बाया येताना पाहून गर्दीतली बाहेरगावची पोरं मागच्या मागे सरकली. पाहता पाहता कितीतरी मोटारसायकली सुरू झाल्या.

गिरजाबाई दमेकरी, ती सगळ्यांच्या शेवटी आली. धापा टाकत सरळ मुलापाशी गेली.

"कोनाले धरलं रे तू?"

"आई, मले काय मालूम..."

"नाई ना मालूम? मंग विचारा लागत होतं ना बे! लहानपनी ज्या वाटीत खिचडी खात होता ना तू, ते वाटी या मानसाच्या हातची हाय. माह्ये केस देऊन घेतली मी. तू काय समजला, हवेतून आली?"

गणेशनं मान खाली घातली. गिरजाबाईनं पदरानं रफिकभाईंचा ओठ पुसला. "भाऊ, उठा. पानी प्या." रफिकभाईंनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, पण फुटलेल्या ओठामुळे पाणी अंगावरच सांडलं.

मग सिंधूबाई खाली बसली आणि विस्कटलेले केस गोळा करायला लागली. तिला पाहून दुसरी बसली, मग तिसरी. वाऱ्यानं उडालेले गुंते पोरांच्या बुटांखालून ओढून काढले. "पाय उचल बे," एवढंच म्हणायच्या आणि पोरं निमूट पाय उचलायची. मध्येच एक म्हणाली, "हे लाल माह्ये हायेत, मेंदीचे." दुसरी म्हणाली, "तुह्ये कायचे? इतके लांब होते कवा?" आणि कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. रफिकभाई हसले नाहीत, पण त्यांचे डोळे भरून आले.

गाडी आली तेव्हा साहेबांना तिथे विळे घेतलेल्या बाया, मान खाली घातलेली पोरं आणि परत भरलेलं पोतं, एवढंच दिसलं. त्यांनी नावं घेतली, ज्यांची घ्यायची त्यांची. ढकलणारा आणि वीटवाला, दोघंही पुढे सापडले. रफिकभाई तक्रार द्यायला नको म्हणत होते. "साहेब, मले याच रस्त्यानं धंदा करा लागते," म्हणाले. साहेबांनी त्यांना बाजूला नेऊन बराच वेळ समजावलं आणि तक्रार झाली. ती व्हायलाच हवी होती असं माझं मत आहे. गिरजाबाईनंही माझ्याकडे गणेशसाठी शब्द टाकला नाही. पुढे कित्येक तारखांना ती स्वतः त्याला रिसोडला घेऊन जायची आणि कोर्टाच्या बाहेर डबा घेऊन बसायची.

संध्याकाळी घरी आले. मालकांनी चहा करून दिला, जो ते वर्षातून एकदा करतात. माझं कौतुक करता करता त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर सगळ्यात आधी कुणी टाकला होता? आमच्याच मालकांनी. खाली हात जोडल्याचं चित्र आणि 'सर्वांनी सावध राहा'. पोलीस पाटलाच्या घरातून आला म्हटल्यावर तो लोकांना खराच वाटला असणार.

"मले वाटलं, लोकाइचं भलं होईन," ते म्हणाले.

मी चहा सगळा प्यायले. त्यानंतर आमच्या घरात नियम झाला, पुढे पाठवायच्या आधी मला दाखवायचं. तो नियम ते अजून पाळतात, इतका की देवाचे फोटोसुद्धा दाखवून मग पाठवतात.

रफिकभाई त्यानंतर आले नाहीत. दिवाळी गेली, संक्रांत गेली. दारामागच्या गुंडाळ्या वाढत गेल्या. बाया मला विचारायच्या, जणू मीच त्यांना कुठे लपवून ठेवलं होतं. मी फोन केला तर म्हणायचे, "येतो ना ताई, गाडी दुरुस्तीले हाय." गाडी कसली, मला कळत होतं.

मग वाशीमला पोलीस पाटलांची बैठक निघाली तेव्हा मी ठरवलं. गावात सांगितलं, ज्यांचे केस असतील त्यांनी माझ्याकडे आणून द्या. पिशवी पुरली नाही, पोतं घ्यावं लागलं. ते घेऊन एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ताई पोत्यात? लगेज लागन." मी म्हटलं, "केस." तो माझ्याकडे बघतच राहिला. शेजारच्या बाईनं आपलं लेकरू उचलून पलीकडच्या मांडीवर घेतलं. मला हसू आलं आणि लगेच ओसरलं. रफिकभाई रोज या नजरा घेऊन गावोगाव फिरत होते.

वाशीमला त्यांचं घर शोधत गेले. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, पोतं पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. रफिकभाईंनी एकेक गुंडाळी काट्यावर ठेवली. कुणाची कुठली ते न सांगता ओळखलं. गिरजाबाईची, सिंधूबाईची, अगदी लाल मेंदीची वादातलीसुद्धा. भांडी मोजून बांधून दिली. मग चहा घेताना हळूच म्हणाले, "ताई, तुमच्या गावची काही शिकायत नाई. पन फाट्यावर वळलो की हात थरथरते. कोन वळखीन, कोन नाई, काय भरोसा."

बैठकीसाठी आणलेला नोंदणीचा अर्ज पिशवीत होता. तो काढला आणि त्यांना त्यांचा नंबर विचारला.

"कायले ताई?"

"आमच्या गावच्या फोनात टाकतो."

"पन मी कोठी तुमच्या गावचा हाय?"

"बाया म्हनतात हाय."

नियमात बसतं की नाही ते मी कुणाला विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात गावातल्या सगळ्या फोनांवर माझा आवाज गेला. "मी पोलीस पाटील सुशीला बोलतो. उद्या सकाळी केसवाले रफिकभाई गावात येनार हायेत. त्यांच्या गाडीचा नंबर मी सांगून राह्यली, सगळ्यांनी ध्यानात ठेवा. फाट्यावर त्यांले घ्यायले कोनी तरी जा." वाशीमला त्यांचाही फोन वाजला. नंतर त्यांच्या बायकोनं सांगितलं, त्यांनी तो निरोप कानाला लावून पूर्ण ऐकला आणि मग उठून गाडी पुसायला घेतली.

सकाळी फाट्यावर गणेश उभा होता. आईनं पाठवला की स्वतःहून गेला, ते मी विचारलं नाही. रफिकभाईंची गाडी पुढे, त्याची मागे, असे दोघं गावात आले. दोघांत काय बोलणं झालं, झालं की नाही, तेही मला माहीत नाही. "केसावर भांडेऽऽ" ही हाक मात्र त्या दिवशी थोडी हळूच आली. दुसऱ्या गल्लीत पोचेपर्यंत नेहमीसारखी झाली.

त्यांचा नंबर अजून आमच्या गावच्या यादीत आहे. त्यामुळे आमच्याकडे नाल्याला पूर आला, बिबट्या दिसला, कुणाच्या सुडीला आग लागली, की तिकडे वाशीमला त्यांचाही फोन वाजतो. आता पोलीस पाटील दुसरी बाई आहे, निरोप तिच्या आवाजात जातात. पण निरोप गेला की थोड्या वेळानं माझा फोन वाजतो आणि तिकडून रफिकभाई विचारतात, "ताई, आपल्या गावात सब ठीक हाय ना?"